आपलीच माणसं, समोरच्या टीममध्ये

२९ मार्चला शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. आई कडुलिंबाचा डहाळा पाण्यात घालून ठेवत होती. हॉलमध्ये बाबा अहमदाबादची आयपीएल मॅच लावून बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात, एका हातात साखरेच्या गाठीची पिशवी घेऊन, फोनवर दुसरीच मुंबई बघत होते. नवव्या मिनिटाला सुरेश वांगजमनं गोल केला. हाफ टाइमच्या जरा आधी एद्गार मेंदेझनं पेनल्टी मारली. मग रायन विल्यम्स, मग सुनील छेत्री. ८३व्या मिनिटाला पाचवा गोल झाला, तो होर्हे पेरेरा डियाझचा होता. मी फोन ओट्यावर पालथा घातला आणि आईला विचारलं, गुढीचं कापड कुठंय.

बेंगळुरू एफसी ५, मुंबई सिटी एफसी ०. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ च्या सीझनला तिसऱ्या ते सहाव्या नंबरच्या टीम सेमीफायनलसाठी एकच नॉकआउट मॅच खेळायच्या. वर असलेल्या टीमच्या घरी मॅच व्हायची, हरलात की सीझन संपला. आपण सहावे होतो. हॉलमधली मुंबईही त्या रात्री हरली, ३६ रन्सनी, पण बाबांच्या टीमच्या अजून बारा मॅच शिल्लक होत्या. ते टीव्ही बंद करून झोपायला गेले. मी पहाटे दोनपर्यंत ग्रुपवरचे मेसेज वाचत राहिले.

ग्रुपवर काय चाललं असेल हे कुठल्याही टीमच्या फॅनला सांगायला नको. कोच पेत्र क्रातकीला हाकला. परदेशी खेळाडू सगळे फुसके. डिफेन्समध्ये दम नाही. एकानं स्क्वाडची पूर्ण यादी टाकून प्रत्येक नावापुढे हिरवी किंवा लाल खूण केली होती. लाल खुणा इतक्या होत्या की उरलेल्यांची पाच जणांची टर्फवरची टीमही जेमतेम झाली असती. मीही एक यादी केली. केली नाही असं म्हणणार नाही. पण पाडव्याला फडके रोडवरच्या शोभायात्रेत ढोल ऐकत उभी असताना माझ्या डोक्यात त्या यादीतली नावं नव्हतीच. जी यादीत नव्हती ती नावं होती.

ती मोजून बघा. छेत्री २०१५ आणि २०१६ मध्ये मुंबई सिटीकडून खेळलाय. ती गोष्ट जुनी आहे, सोडून देऊ. पण डियाझ? ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्धच्या फायनलमध्ये आपण ०-१ मागं होतो, तेव्हा बरोबरीचा गोल डियाझनं केला. आपण ३-१ जिंकलो. त्याच फायनलला आल्बेर्तो नोगेरा आपल्या मिडफिल्डमध्ये होता आणि आपला कॅप्टन होता राहुल भेके, मुंबईत जन्मलेला. पुढच्या सीझनला हे तिघंही बेंगळुरूच्या निळ्यात होते. अपुइयाला मोहन बागाननं नेलं. ग्रेग स्टुअर्ट त्याआधीच, जानेवारीत गेला होता, तोही नंतर मोहन बागानमध्येच उगवला. इकेर ग्वारोचेना गोव्याला गेला. गोलकीपर गुरमीत... चुकले, गुरकीरतची गोष्ट निराळी, तो मुळात फॉरवर्ड आणि चेन्नईयनला गेला. विनीत राय पंजाबला. ट्रॉफी जिंकल्यावर तीन महिन्यांत ही यादी एवढी बदलली की माझ्यासारखीलाही कोण कुठे गेलं ते आठवताना असा गोंधळ होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही मॅच २९ मार्चला हरलेली नाही. ती २०२४ च्या उन्हाळ्यात हरलो.

यावर पहिला आक्षेप मीच घेते, कारण तो दमदार आहे. ११ मार्चला, म्हणजे अठराच दिवस आधी, याच कंठीरवा स्टेडियमवर याच बेंगळुरूला याच टीमनं २-० हरवलं होतं. छांगते आणि करेलिस, दोन गोल. त्याच विजयावर आपण सहाव्या नंबरला चिकटलो आणि ओडिशा बाहेर गेली. स्क्वाड इतकी पोकळ होती तर ती मॅच कशी जिंकली?

दोन्ही मॅच पुन्हा बघितल्या, अख्ख्या. (हो, पाच गोलवालीसुद्धा. माणूस दुखरा दात जिभेनं चाचपतो तसं.) ११ तारखेला आपल्याला एक पॉइंट पुरेसा होता. छांगतेनं सुरुवातीलाच गोल केल्यावर आपल्याला फक्त मागं बसायचं होतं, बॉल हिसकावायचा आणि मोकळ्या जागेत छांगतेला पळवायचं. मिझोरामचा हा पोरगा मोकळ्या जागेत काय करतो ते देशातल्या प्रत्येक फुलबॅकला माहीत आहे. म्हणजे त्या दिवशी आपल्याला मॅच राखायची होती. २९ तारखेला नवव्या मिनिटालाच आपण मागं पडलो आणि काम बदललं. आता मॅच घडवायची होती. समोरची टीम आरामात मागं बसली, मोकळी जागा संपली, बॉल आपल्याकडे आला. आणि बॉल आल्यावर त्याचं काय करायचं हे सांगणारं मैदानावर कोणी नव्हतं.

ही टीम राखायला बरी होती, पाठलाग करायला नाही.

आदल्या वर्षीची नेमकी उलटी होती. २४ एप्रिल २०२४, फातोर्डा, सेमीफायनलची पहिली लेग. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे. मग छांगते, विक्रम प्रताप सिंग, पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत २-३. मडगावच्या माझ्या एका मैत्रिणीनं त्यानंतर दोन दिवस माझा फोन घेतला नाही. आता कोणी म्हणेल, तीन गोल करणारे छांगते आणि विक्रम दोघंही आपल्याकडेच राहिले की. मग गेलं काय? तर गोल करणारे राहिले, त्यांच्यापर्यंत बॉल नेणारे गेले.

इथं थोडं थांबते, कारण हायलाइट्समध्ये हे दिसत नाही. अपुइयाचे गोल आठवा म्हटलं तर पटकन आठवणार नाहीत. तो टीव्हीपेक्षा स्टँडमधून जास्त दिसतो. अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात मैदान इतकं जवळ आहे की खेळाडूंच्या माना दिसतात. सेंटर-बॅककडून बॉल येण्याआधी अपुइया एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघायचा, मग उजव्या. बॉल पायाशी येईपर्यंत त्याला कळलेलं असायचं की वळायचं की परत द्यायचा. समोरच्यानं झडप घातली की तो तिथं नसायचाच. हे एवढंसं काम. पण तो वळला की अख्खी टीम दहा पावलं पुढे सरकायची. नोगेराचं काम त्याच्या पुढचं. सगळे धावत असताना हा एकटा चालायचा. लोक ओरडायचे, अरे पळ की. तो बॉलवर पाय ठेवून उभा राहायचा, कारण विंगर अजून पोचलेला नसायचा. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभा असलेला अनुभवी माणूस असतो ना, जो स्टेशन यायच्या आधी सगळ्यांना सरळ उभं करतो, तसा. आणि डियाझ तर नुसता उपद्रव. सेंटर-बॅकच्या पायात पाय, रेफ्रीच्या कानात तोंड. प्रतिस्पर्ध्यांच्या स्टँडमधून त्याला शिव्या पडायच्या तेव्हा आम्हाला गुदगुल्या व्हायच्या. आता तोच माणूस समोर आला तर गुदगुल्या कशा होतात तेही कळलं.

या जागांवर नवीन माणसं आली, आणि ती वाईट नव्हती. ग्रुपवर निकोस करेलिसला लाल खूण होती, हे मला अन्यायाचं वाटतं. बॉक्समध्ये बॉल मिळाला की हा ग्रीक माणूस गोल करतो. प्रश्न मिळण्याचा होता. जॉन टोरलचा पास देखणा आहे. योएल व्हॅन नीफ आदल्या वर्षीपासूनचा, प्रामाणिक, पण अपुइया शेजारी असताना त्याचं जे काम अर्धं होतं ते आता पूर्ण झालं आणि तो त्यात बुडाला. ब्रँडन फर्नांडिस गोव्याहून आला. गंमत बघा, फातोर्ड्याच्या त्या रात्री गोव्याचा दुसरा गोल त्याचाच होता. डोळ्यांनी खेळणारा खेळाडू. पण नोगेराची जागा ब्रँडननं भरून काढायची, अपुइयाची टोरल आणि व्हॅन नीफनं मिळून, डियाझची करेलिसनं, हे कागदावरचं गणित झालं. कागदावर प्रत्येक नावासमोर एक नाव बसतं. करेलिस कुठल्या पायावर बॉल मागतो हे ब्रँडनला कळायला मात्र सीझन जातो, आणि सीझन गेलाच.

आकडे याच गोष्टीकडे बोट दाखवतात. २०२३-२४ मध्ये २२ मॅचमध्ये ४७ पॉइंट, लीग शील्ड एका पॉइंटनं हुकली. यंदा २४ मॅचमध्ये ३६. यंदाही पाठलाग झालाच नाही असं नाही. सीझनच्या पहिल्याच मॅचला मोहन बागानच्या घरी ०-२ वरून २-२ केलं होतं आणि मी उड्या मारल्या होत्या. पण ते दोन गोल कोणी केले? तिरी आणि थाएर क्रूमा. दोघंही सेंटर-बॅक. तेव्हाच जरा विचार करायला हवा होता. घराला आग लागल्यावर वॉचमननं ती विझवली, तर वॉचमनचं कौतुक करावंच, पण घरातली माणसं कुठे होती हेही विचारावं.

आता क्लबच्या बाजूनं बोलते, कारण एकतर्फी रडगाणं मलाही ऐकवत नाही. नोगेरा पस्तिशीचा, डियाझ आणि भेके चौतिशीचे. त्यांना आणखी तीन वर्षं द्या असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही. लीगमध्ये सॅलरी कॅप होती, मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालायचे, त्यामुळे प्रेमापोटी कोणाला ठेवून घेण्याची चैन परवडत नव्हती. अपुइयासाठी मोहन बागानसारखा क्लब उभा राहिल्यावर पोराला अडवायचं कसं? एकेक निर्णय सुटा घेतला तर प्रत्येकाला कारण आहे. अडचण अशी की ते सगळे एकाच उन्हाळ्यात घेतले गेले. म्हातारं झाड काढायचं तर शेजारी आधी रोप लावतात. आपण आधी आख्खी बाग उपटली आणि मग नर्सरीत गेलो.

आणि हे आपल्याला कळायला हवं होतं, कारण आपली पहिली ट्रॉफी नेमकी याच ज्ञानावर जिंकलेली आहे. २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा कोच म्हणून आला. आधी गोव्याचा कोच होता, आणि त्याच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्युगो बुमूस आणि मंदार राव देसाई आले, सगळे गोव्याचे. पहिल्याच सीझनला शील्ड आणि कप दोन्ही. सेमीफायनलला तर गोव्यालाच पेनल्टी शूटआउटवर हरवलं. तेव्हा सगळे म्हणाले, पैशाची ताकद. मीही अभिमानानं म्हटलं होतं, हो, आहे पैसा, मग? आज मागं बघताना वाटतं की आपण तेव्हा चार खेळाडू विकत घेतलेच नव्हते. त्यांची एकमेकांशी असलेली ओळख घेतली होती. जाहूनं मान वर न करता चाळीस मीटर लांब बॉल टाकायचा आणि मंदार तिथं असायचा, ही गोष्ट त्यांनी मुंबईत शिकलेली नव्हती. ती गोव्याच्या मैदानांवर, गोव्याच्या फॅन्ससमोर तयार झाली होती आणि आपण ती पॅक करून आणली. मडगावची मैत्रीण तेव्हा म्हणाली होती, तुमच्याकडून पण कोणीतरी नेईल गो एक दिवस. पाच गोल झाल्यावर तिचा मेसेज आला. नुसता एक मिठाईचा इमोजी. पाडव्याचा होता असं ती म्हणते.

या शहराला ही सवय आहे की काय, असंही वाटतं. बाबा तरुणपणी कूपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचे. त्यांना कंपन्यांच्या टीमची नावं पाठ आहेत, आणि त्यातली जवळजवळ सगळी आता नुसती नावंच आहेत. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, देशातली अव्वल टीम, आणि २०१० मध्ये बंद. म्हणून बाबा फुटबॉलमध्ये जीव लावत नाहीत. मी पाच-शून्य सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, ''टीम आहे ना अजून? मग झालं.'' वर त्यांचं क्रिकेटचं तत्त्वज्ञान: त्यांचा हार्दिक गुजरातला गेला तरी परत आला, तसा तुझा कोण तो डियाझ येईल. चौतिशीचा डियाझ परत येणार नाही, हे मी त्यांना समजावलं नाही.

तर माझी यादी. कोणी विचारलेली नाही, तरी. छांगते हवाच, पण त्याला पळवणारा कोणी मिळणार असेल तरच. नाहीतर रिकाम्या स्टेशनवर फास्ट लोकल उभी केल्यासारखं होईल. मेहताब सिंग हवा. फुर्बा लाचेनपा हवा, पाच खाल्ले म्हणून गोलकीपर बदलणारे लोक पावसाळ्यात छत्री फाटली म्हणून पाऊस बदलायला निघतात. करेलिसला अजून एक वर्ष द्या. तिरीचं वय झालंय, त्याच्याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. नवीन कोण आणायचं याची नावं मी सुचवणार नाही. फक्त एक सेंट्रल मिडफिल्डर असा आणा जो बॉल येण्याआधी दोनदा मागं बघतो, आणि कृपा करून त्याला तीन वर्षं हात लावू नका.

आणि बिपिन सिंग. ग्रुपवर त्याला लाल खूण होती आणि तिथं मी पहिल्यांदा भांडले. यंदा तो पूर्वीसारखा खेळला नाही, मान्य. विंगवरून आत येऊन मारायचा त्याचा तो शॉट यंदा स्टँडमध्ये जास्त आला. पण मणिपूरचा हा माणूस २०१८ मध्ये इथं आला. २०२१ च्या फायनलला नव्वदाव्या मिनिटाचा विजयी गोल त्याचा. २०२४ च्या फायनलला आपल्याला पुढे नेणारा गोलही त्याचाच. दोन कप आणि दोन्ही फायनलमध्ये गोल. लोबेराचं फुटबॉल त्यानं बघितलंय, डेस बकिंगहॅमचं बघितलंय, क्रातकीचं बघितलंय. नवीन आलेल्या पोराला अंधेरीच्या ड्रेसिंग रूममध्ये ''आपण इथं असं खेळतो'' हे सांगणारा माणूस म्हणजे तो. फॉर्म गेला म्हणून त्याला सोडायचं असेल तर सोडा, पण मग ''आपण'' म्हणजे कोण ते तरी नव्या पोराला कोणीतरी सांगा.

१२ एप्रिलला फायनल होती, मोहन बागान विरुद्ध बेंगळुरू. बघणार नव्हते. पण मावशीकडे कल्याणला होते आणि मावसभावानं लावलीच. तो चौदा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्याला पहिल्यांदा घाटकोपरवरून मेट्रोनं आझाद नगरला नेलं, तेव्हापासून तो माझ्यापेक्षा वेडा आहे. गेल्या मे महिन्यात कप जिंकल्यावर त्यानं साठवलेल्या पैशातून जर्सी घेतली आणि पाठीवर नोगेरा छापून घेतलं. महिन्याभरात नोगेरा गेला. त्यानं ती जर्सी यंदाचा सगळा सीझन घातली, मित्रांनी चिडवलं तरी.

फायनल चालू झाली. एकीकडे अपुइया आणि स्टुअर्ट, दुसरीकडे भेके, नोगेरा, डियाझ यांची टीम. तो म्हणाला, ''ताई, आपण कोणाच्या बाजूनं?'' मी म्हटलं, कोणाच्याच नाही. मग अपुइयानं बॉल घेण्याआधी मागं वळून बघितलं आणि आम्ही दोघंही एकदम म्हणालो, ''बघ!'' तेवढंच. जादा वेळेत मोहन बागान २-१ जिंकली.

निघताना तो दारापर्यंत आला. पाठीवरची अक्षरं धुऊन धुऊन निघायला लागलीत, 'रा' तर जवळजवळ गेलाय. नवीन सीझनला नवीन जर्सी घेणार म्हणाला, आणि कोणाचं नाव टाकू असं विचारलं. मी बिपिन म्हणाले. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, दुकानवाल्याला आधी नुसता नंबर टाकायला सांगतो, नाव सप्टेंबरमध्ये बघू.